साखर, सायकल आणि साडेसातशे मीटर पाणी

(आपल्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव गेली बावीस वर्षे डोंबिवलीस राहून ठाण्यास नोकरी करतात. पोहणे, सायकल व पळणे अशा तीन खेळांच्या एकत्रित शर्यतीत त्यांनी आजवर दोन वेळा भाग घेतला. लागण, खत, पाणी याबाहेरचा विषय असला तरी सभासदांस वाचावयास आवडेल, असे वाटल्यावरून त्यांना लिहिण्याची विनंती केली. – संपादक)



दरवर्षी दिवाळीच्या आधी आमचे आबा सभासदांना मिळणाऱ्या सवलतीच्या साखरेतली दहा किलो बाजूला काढतात, कापडी पिशवीत घालून तोंड शिवतात आणि कल्याणला येणाऱ्या एस.टी.त ओळखीच्या कुणाच्या तरी स्वाधीन करतात. ती पिशवी कल्याण स्टँडवर उतरवून घ्यायची आणि लोकलने डोंबिवलीस न्यायची, हा आमच्या घरचा शिरस्ता. २०२२ च्या दिवाळीत पिशवी आली आणि त्याच आठवड्यात माझ्या रक्ताचा रिपोर्टही आला. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. म्हणाले, "तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ आहे. साडेसहाला आम्ही मधुमेह म्हणतो. घरात कुणाला आहे का?"

घरात आबांना आहे. २०१९ साली त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. खोडव्यात पाणी धरताना उसाचा बुडखा लागला होता. पण पायाची जाणीवच कमी झालेली, त्यामुळे आठ दिवस त्यांना जखम कळलीच नाही. कळली तेव्हा उशीर झाला होता. तो अंगठा नसलेला पाय मी दवाखान्यात रोज पाहिला होता. त्यामुळे डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा मला आकडा दिसला नाही, तो पाय दिसला. माझे वय तेव्हा ४३, वजन ८६ किलो.

घरी येऊन साखरेची पिशवी माळ्यावर टाकली. आपण कारखान्याचे सभासद, साखरेवर आपली घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली, आणि तीच साखर अंगात जास्त झाली म्हणून तिला माळ्यावर टाकायची, हा काय न्याय म्हणावा! असो.

चालण्यापासून सुरुवात केली. डोंबिवलीत चालायला पहाटे पाचच्या आधी निघावे लागते, नंतर रस्ता माणसांचा राहत नाही. चालता चालता पळू लागलो. इतक्या वर्षांत मुलांना पळ म्हणून सांगितले होते, स्वतः पळालो नव्हतो. पहिल्या दिवशी दोन विजेच्या खांबांमधले अंतर पळालो आणि तिसऱ्याला धरून उभा राहिलो. तीन महिन्यांत न थांबता तीन किलोमीटर जाऊ लागलो. मग अंगात आले आणि एकदम रोज सहा-सात पळायला लागलो. पंधरा दिवसांत नडगी अशी दुखू लागली की जिना उतरता येईना. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "सुकलेल्या रानाला एकदम पाट सोडल्यावर काय व्हतं? पाणी वाहून जातं अन् माती बी नेतं. ठिबक लाव की." आबांनी स्वतः ठिबक बसवायला किती वर्षे घेतली ते मला ठाऊक आहे, पण बोलले ते खरे. महिनाभर विश्रांती घेतली आणि पुन्हा थेंबा-थेंबाने सुरुवात केली.

ठाण्याला आमच्या कचेरीत, वागळे इस्टेटमध्ये, एक सहकारी सायकलवर येऊर चढून मग कामावर येत असे. त्याच्याकडून मला या तिहेरी शर्यतीची, म्हणजे ट्रायथलॉनची माहिती मिळाली.

हा खेळ फार जुना नव्हे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगो गावी मिशन बे येथे पळणाऱ्यांच्या एका क्लबाने पहिल्यांदा पळणे, सायकल आणि पोहणे एकत्र केले. ४६ जण उतरले होते. पुढे १९७८ च्या १८ फेब्रुवारीला हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने त्याचा राक्षसी अवतार काढला. पोहणारा दमदार, सायकलवाला दमदार की पळणारा, असा वाद होता. वाद मिटवायचा तर तिन्ही एकाच दिवशी करा, म्हणून ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर पळणे. १५ जण निघाले, १२ पोचले. गॉर्डन हॉलर नावाचा गडी ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारचे पाणी वाटेत संपले म्हणून त्याच्या मदतनीसांनी त्याला बिअर पाजली, आणि पुढचे पळणे त्याने झोकांड्या खात पुरे केले. यालाच पुढे आयर्नमॅन हे नाव मिळाले. आपले मिलिंद सोमण २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे हे सगळे अंतर १५ तास १९ मिनिटांत पार करून आले. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीस आला, तिथे अंतर कमी, म्हणजे दीड किलोमीटर पोहणे, ४० सायकल, १० पळणे.

आमच्यासारख्या नवख्यांसाठी त्याच्याही निम्मे असते. ७५० मीटर पोहायचे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळायचे. मला वाटले, यात काय आहे? सायकल आपण शाळेत असल्यापासून हाणतो, पळणे जमू लागले आहे, आणि पोहणे तर विहिरीतच शिकलो आहे.

इथेच फसलो.

विहिरीतले पोहणे तुम्हां सर्वांना माहीत आहे. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून चुलते वरून ढकलून देतात. आठ दिवसांत डबा सुटतो. मग सूर मारायचा, मुटका मारायचा, चार हात मारले की कठडा येतो, कठड्याला धरून गप्पा मारायच्या. तोंड कायम पाण्याबाहेर. तरण तलावात पहिल्या दिवशी मी याच रुबाबात उतरलो. पंचवीस मीटरचा तलाव. ७५० मीटर म्हणजे तीस वेळा हे टोक ते ते टोक. दुसऱ्या फेरीला माझा श्वास संपला. बाजूच्या पट्ट्यात एक सेवानिवृत्त शिक्षिका, वय साठीच्या पुढे, एकसारख्या येत-जात होत्या. मी कठड्याला लोंबकळत होतो आणि त्या माझ्या समोरून सहाव्यांदा गेल्या. शेवटी थांबून म्हणाल्या, "अहो, पाण्याशी भांडताय कशाला? तुम्ही डोकं वर धरता म्हणून पाय खाली जातात. डोकं पाण्यात ठेवा. आणि श्वास पाण्यात सोडा, बाहेर सोडायला वेळ नसतो."

एवढ्या दोन वाक्यांत सगळे पोहणे आले, पण अंगात उतरायला सात महिने गेले. डोके वर धरले की कंबर बुडते, कंबर बुडाली की माणूस पाण्यात नांगरासारखा ओढला जातो. डोके खाली घातले की शरीर आडवे होते आणि पाणी आपोआप वाट देते. श्वासाचेही तसेच. आपण दम कोंडून धरतो आणि तोंड वर आले की सोडणे व घेणे दोन्ही एका क्षणात करू पाहतो, त्यात घेणे राहून जाते. पाण्याखाली नाका-तोंडाने बुडबुडे काढत राहिले की वर आल्यावर फक्त घ्यायचे उरते. ह्या बाईंना मी बाई म्हणूनच हाक मारतो. शाळेत कुणा बाईंनी इतक्या कमी शब्दांत मला काही शिकवल्याचे आठवत नाही.

गावाकडच्या तरुणांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. हे वाचून कुणी शेततळ्यात सराव करायला उतरू नये. प्लॅस्टिकचा कागद आणि त्याचा उतार इतका निसरडा असतो की चांगला पोहणाराही काठावर आल्यावर बाहेर निघू शकत नाही. ज्यांच्या शेततळ्याला अजून दोर किंवा जुन्या टायरची शिडी नाही, त्यांनी ती बांधून घ्यावी.

सायकल मी जुनीच घेतली. रविवारी पहाटे कल्याणला गांधारी पुलावरून उल्हास नदी ओलांडून पडघ्याच्या दिशेने जायचे आणि ऊन चढण्याआधी परत यायचे. अलीकडे मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून डोंबिवलीहून ठाणे जवळ आले आहे, तेव्हा कधी तिकडून ठाण्याला जाऊन उपवन तलावापासून येऊरचा चढ चढतो. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, पण पोहण्याजोगा एकही मला सापडला नाही. मासुंद्याच्या काठाने पळायचे आणि पाण्याकडे बघायचे. आणि हो, सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान डोंबिवलीहून ठाण्याची लोकल पकडणे हाही एक खेळच आहे. तो धरला तर आम्ही चार खेळांचे खेळाडू.

पहिली शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये झाली. एका मोठ्या तलावावर. गाव आणि आयोजक यांची नावे देत नाही, कारण जे झाले त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

मला साखरेची धास्ती. त्यामुळे आदल्या रात्री भात नाही, पोळी नाही, काकडी आणि मूग. सकाळी साधे पाणी. दोनशे लोक एकदम पाण्यात शिरले. तरण तलावात खाली निळी फरशी दिसते, पट्ट्याची रेघ दिसते. इथे डोके खाली घातले तर हिरवा अंधार. कुणाचा तरी पाय तोंडावर बसला, कुणी पाठीवरून गेले. शंभर मीटरवर माझी छाती आवळली. सात महिन्यांत शिकलेले सगळे विसरलो आणि डोके वर काढून विहिरीतले हात मारू लागलो. बचावाच्या होडीतला मुलगा म्हणाला, "काका, धरा होडी, धरायला परवानगी आहे. फक्त पुढं सरकायचं नाही." दोन मिनिटे होडी धरून राहिलो. त्या दोन मिनिटांत परत फिरावे असे वाटले हे कबूल करतो. मुलगा म्हणाला, "बुडबुडे काढा." त्याला काय ठाऊक बाईंचे! मी तोंड पाण्यात घातले आणि बुडबुडे काढले. चारदा काढले. मग निघालो.

बाहेर आलो तर माझी सायकल सापडेना. दीड-दोनशे सायकली रांगेत, सगळ्या सारख्या. सापडली तशी घेऊन धावलो, तर पंचांनी शिट्टी मारून परत पाठवले. डोक्यावरच्या टोपाचा पट्टा बांधल्याशिवाय सायकल जागेवरून हलवायची नाही, असा नियम आहे. परत गेलो. वीस किलोमीटर सायकल बरी झाली, कारण बसून होती. पळायला उतरलो तेव्हा पाय माझे नव्हतेच. सायकलवरून उतरल्या उतरल्या पाय जड होऊन लटपटतात. त्याचा आधी सराव करावा लागतो, हे मी वाचले होते, केले नव्हते. तिसऱ्या किलोमीटरला डोळ्यांपुढे काजवे चमकले, पोटऱ्यात गोळे आले, आणि मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो.

पाण्याच्या टेबलावरची एक मुलगी पेला घेऊन आली. मी म्हटलं, "साखर आहे का यात?" ती म्हणाली, "साखर, मीठ, लिंबू." मी नको म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "काका, तुमच्या अंगात आता ती नाहीच आहे, म्हणून तर बसलात." मी प्यालो. पाच-सात मिनिटांनी उठलो आणि चालत, पळत, लंगडत पोचलो. दोन तास दहा मिनिटे. माझ्यामागे तिघे होते, त्यांतले एक आजोबा सत्तरीचे.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन हे सगळे सांगितले. ते हसले आणि त्यांनी एक गोष्ट समजावून दिली, ती इथे देतो, कारण आपल्या सभासदांच्या घरोघरी हा प्रश्न आहे. खाल्लेली साखर रक्तातून स्नायूत शिरते ती इन्शुलिनच्या किल्लीने. मधुमेहात ती किल्ली नीट लागत नाही. पण स्नायू काम करू लागला, म्हणजे चालू, पळू, दांडपट्टा फिरवू लागला, की किल्लीवाचूनही तो साखर आत ओढतो. आणि काम थांबल्यावरही पुढचा एखाद-दुसरा दिवस किल्ली जरा सोपी लागते. म्हणून रोज नाहीतर एक दिवसाआड हालचाल हवी. स्नायूंत आणि यकृतात मिळून साठून साठून चार-पाचशे ग्रॅम साखर मावते, ती दीड-दोन तास जोराने पळणाऱ्याला पुरते. मी आदल्या दिवसापासून कोठार रिकामे करून गेलो होतो. लांबच्या शर्यतीत तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर पोटात जावी लागते. अर्थात ही शर्यतीतल्या माणसाची गोष्ट. आणि ज्यांना गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी आपल्या मनाने काही बदल करू नये. त्यांची साखर पळताना एकदम खाली येऊ शकते. आबांना हे मी चारदा सांगितले आहे.

त्या दिवशी माळ्यावरची पिशवी खाली काढली. सौ.ने विचारले, "आता काय?" म्हटलं, शर्यतीपुरती.

मग वर्षभराचा हिशेब मांडला, अगदी कारखान्याच्या ताळेबंदासारखा. पाण्यात २७ मिनिटे, कपडे-सायकल बदलण्यात ६, सायकलवर ५२, पुन्हा बदलण्यात ४, पळण्यात ४१. घड्याळ सगळीकडे चालूच असते, बूट घालतानाही. बदलण्यात दहा मिनिटे गेली म्हणजे तोडलेला ऊस फडात पडून राहावा तसे झाले. त्यात वजनही जाते आणि उतारासुद्धा. यासाठी दम लागत नाही, शिस्त लागते. घरच्या गॅलरीत टॉवेल अंथरून बूट, टोप, चष्मा ओळीने मांडायचे आणि डोळे मिटून घालायचे. मुले हसून लोळत. पण शेजारच्या काकांनी विचारले की काय चाललेय, तर घड्याळ घेऊन तीच सेकंद मोजत.

आठवड्यातून दोनदा पोहणे, तीनदा पळणे, रविवारी सायकल आणि उतरल्याबरोबर दहा मिनिटे पळणे. सगळे मिळून सहा-सात तास. पळणे बहुतेक वेळा इतके हळू की बरोबरच्याशी बोलता यावे. हे सर्वांत अवघड गेले. हळू पळाल्याने माणूस जलद होतो हे पटायला मला सहा महिने लागले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक धाडस केले. दसऱ्याला गावी जायचे होते, ते सायकलवर गेलो. कल्याणहून पहाटे चारला निघालो. शहाड, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, मग वैशाखरे ओलांडून माळशेज घाट. ज्या रस्त्याने आबांची साखर दरवर्षी खाली उतरते तोच रस्ता मी वर चढत होतो. घाटात धुके होते. एका वळणावर एस.टी.च्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून "चला, चला" केले. वर आल्यावर पिंपळगाव जोग्याचे धरण भरलेले दिसले, तिथे बसून गुळाचा खडा आणि दोन केळी खाल्ली. ओतूरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि वारा एकदम थंड झाला. दुपारी साडेबाराला दारात उतरलो.

आबा ओट्यावर बसले होते. सायकलकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "येस्टी बंद हाय व्हय?" म्हणाले. आईने काही न बोलता ताट आणले. दसरा म्हणून ट्रॅक्टरला, इंजिनाला, कोयत्यांना हार घातले होते, तसाच एक झेंडूचा हार तिने सायकलला घातला, कुंकू लावले. संध्याकाळी आबा काठी घेऊन उठले. "चल, पुढच्या बांधापतूर." अंगठा गेल्यापासून ते वाडग्याबाहेर फारसे जात नव्हते. बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. कुणी काही बोललो नाही. पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी त्यांचे दोन्ही तळवे नीट पाहिले, आणि रोज रात्री बॅटरी लावून असेच पाहायचे, हे आईकडून कबूल करून घेतले.

दुसरी शर्यत डिसेंबर २०२४, तोच तलाव. आदल्या रात्री वरण-भात, सकाळी दोन केळी, सायकलच्या बाटलीत साखर-मीठ-लिंबू. ती साखर आपल्याच कारखान्याची. पाण्यात मी मुद्दाम सर्वांच्या मागे आणि एका कडेला उभा राहिलो. गर्दी पुढे गेल्यावर उतरलो. हिरवा अंधार तोच होता, पण पहिली पन्नास मीटर नुसते बुडबुडे मोजत गेलो आणि मग अंतर आपोआप सरकू लागले. २० मिनिटे. बदलायला ३, सायकल ४४, पुन्हा बदलायला २, पळणे ३१. एक तास चाळीस मिनिटे. वाचलेल्या तीस मिनिटांत बदलण्याचीच पाच होती, ती गॅलरीत कमावलेली. पळताना तिसऱ्या किलोमीटरच्या टेबलावर ती मुलगी दिसते का बघितले. या वेळी कुणी दुसरी होती. पेला घेतला, काही न विचारता.

रक्ताचा आकडा आता ५.६ आहे. डॉक्टर म्हणतात, टिकवा. वजन ७४.

गोव्यात पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ ला भारतातली पहिली अर्धी आयर्नमॅन झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० सायकल, २१ पळणे, आणि हे सर्व साडेआठ तासांत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मी ती नुसती बघायला गेलो. पाण्यात शिरणारे लोक बघून पोटात गोळा आला. तो पहिल्या शर्यतीतल्यासारखाच होता, म्हणजे ओळखीचा. कोल्हापूरकडचे बरेच जण भेटले. त्यांतले एक ऊस उत्पादक होते, पहाटे पाणी धरून मग सायकलवर जातात म्हणाले. समुद्राच्या लाटेत श्वास कुठल्या बाजूने घ्यायचा, हे त्यांनी मला वाळूत उभे राहून हात फिरवून दाखवले. लाट डावीकडून तर उजवीकडे.

गेल्या दिवाळीला पिशवी आली ती पाच किलोची. वर आबांच्या अक्षरात चिठ्ठी होती. बांधापर्यंत आता पस्तीस मिनिटे लागतात, असे लिहिले होते.

– एका सभासदाचा मुलगा, डोंबिवली (पूर्व)